काळी फळी, पांढरी फळी

काकू, काल मी कँटीनमध्ये उभी राहून बोलले. माईक नव्हता ते बरं झालं. असता तर माझा आवाज किती थरथरतो ते मागच्या टेबलापर्यंत कळलं असतं. जेवणाची सुट्टी होती, लोकांचे डबे अर्धे उघडे होते आणि तुमचा फोटो पाण्याच्या कूलरशेजारी स्टुलावर ठेवला होता. फोटोचा झेंडूचा हार जरा तिरका होता. तुम्ही असतात तर आधी उठून तो सरळ केला असतात आणि मग मला म्हणाला असतात, "हं, बोल आता." मी हार सरळ केला आणि बोलले.

काय बोलले ते तुम्हाला सांगायलाच बसले आहे. तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले. जे बोलले ते तुमच्यासमोर बोलायला माझ्याकडे चार वर्षं होती. एकदा बोललेही, पण कसं आणि कधी, ते पुढे येईलच. त्याची मला लाज वाटते.

माझ्या आधी दोघातिघांनी भाषणं केली. वंदनाजी हसतमुख होत्या, सगळ्यांना सांभाळून घ्यायच्या, वगैरे. माफ करा काकू, तुम्ही हसतमुख अजिबात नव्हता. तपासणीच्या कप्प्यात बसलेल्या तुमच्याकडे पाहून नवीन मुली घाबरायच्या. आणि सांभाळून तर तुम्ही कुणालाच घेतलं नाहीत. मला तर नाहीच.

मी सांगलीहून जयपूरला आले तेव्हा पंचविशीची होते. चौमूंच्या रस्त्यावरच्या या इंजेक्शनच्या कारखान्यात, लॅबमध्ये केमिस्ट. शास्त्री नगरातून कंपनीची बस सुटायची. पहिल्याच सकाळी मी बसमध्ये आईशी फोनवर बोलत होते, इथली माणसं बरी आहेत पण भाजीला चव नाही, असं काहीतरी. पुढच्या सीटवरचं डोकं वळलं. "मराठी काय गं तू? कुठली?" मी सांगली म्हटलं. "मंग भाजीला चव कशी लागंल तुले," म्हणालात आणि पुन्हा समोर बघायला लागलात. संध्याकाळी उतरताना मात्र हाताला धरून घरी नेलंत आणि गोळाभात वाढलात. अख्खा कारखाना तुम्हाला वंदनाजी म्हणायचा. मी त्या संध्याकाळपासून काकू म्हणायला लागले.

विमा कंपनीत असलेल्या काकांच्या बदलीमुळे तुम्ही अमरावतीहून इकडे आलात आणि काका निवृत्त झाल्यावर इथेच राहिलात. दर दिवाळीला "पुढच्या वर्षी परत जाऊ" म्हणायचात. बाहेर अस्खलित हिंदी, पण घराचं दार लागलं की "काय करून राहिली, काऊन उशीर केला" सुरू. मी तुमच्या करून राहिलीला हसायचे आणि तुम्ही माझ्या "काय ओ"ला. दोघींच्या मराठीत एवढं अंतर होतं, तरी त्या गल्लीत मराठी म्हणून आपण दोघीच होतो.

तुमचं काम बाहेरच्याला सांगितलं तर खरं वाटत नाही. दिव्याखाली एक छोटा कप्पा, मागे अर्धी काळी फळी आणि अर्धी पांढरी. औषध भरलेली काचेची अँप्यूल मानेला धरायची, हलकेच उलटी करायची, आधी काळ्यासमोर धरायची, मग पांढऱ्यासमोर. काळ्यावर पांढरा कण दिसतो, काचेचा तुकडा दिसतो. पांढऱ्यावर काळा ठिपका दिसतो, धागा दिसतो. दिसलं की लाल पेटी. दिवसभर हेच. ठरावीक वेळाने उठून डोळ्यांना विश्रांती द्यायची, तेव्हा तुम्ही गच्चीच्या दारात उभ्या राहून लांबच्या डोंगराकडे बघायचात. दर सहा महिन्यांनी कंपनी तुमचे डोळे तपासायची आणि डॉक्टर दर वेळी विचारायचा, वय बरोबर लिहिलंय ना?

मला तुम्ही एकदा त्या कप्प्यात बसवलंत. मी पहिलीच अँप्यूल उलटी केली आणि म्हणाले, "हा बघा कण." तुम्ही म्हणालात, "थांब. बुडबुडा वर जाते, कचरा खाली येते. वर जाणाऱ्याच्या मागे नको लागू." तो कण वर गेला आणि फुटला. मी खजील झाले, पण ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

आमच्याकडे बऱ्याच औषधांची इंजेक्शनं होतात, पण तुमचं कुतूहल एकाच औषधाबद्दल होतं. मिडाझोलम. ऑपरेशनच्या आधी, दुर्बिणीच्या तपासणीच्या आधी माणसाला शांत करणारं, गुंगी आणणारं. एकदा बसमध्ये तुम्ही विचारलंत, "मी रोज हजारो पाहते त्याच्या. ते करते काय, ते सांग. सोपं सांग."

मी जमेल तसं सोपं सांगितलं. मूळ औषध म्हणजे पांढरट, किंचित पिवळी भुकटी. साध्या पाण्यात ती विरघळत नाही, नुसती तरंगत राहते. पण पाणी आंबट केलं, म्हणजे त्यात थोडं आम्ल घातलं, की विरघळते आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. याचं कारण तिच्या रेणूत एक कडं आहे. आंबट पाण्यात ते कडं उघडतं आणि मग तिचं पाण्याशी जमतं. म्हणून अँप्यूलमधलं पाणी आम्ही मुद्दाम आंबट ठेवतो. औषध रक्तात गेलं की तिथे तो आंबटपणा नसतो. कडं पुन्हा मिटतं, औषधाला पाणी नकोसं होतं आणि स्निग्ध जागा हवीशी वाटते. मेंदू स्निग्ध आहे. मग ते तिकडे शिरतं आणि माणूस दोन-चार मिनिटांत गुंगतो. आणखी एक गंमत म्हणजे, औषध दिल्यानंतर जे घडतं ते माणसाला बहुतेक आठवत नाही. आधीचं आठवतं, नंतरचं पुसलं जातं.

तुम्ही खिडकीबाहेर बघत ऐकलंत. मग म्हणालात, "म्हणजे आपल्यासारखंच. बाहेर हिंदी, दार लावलं की मराठी." एम.एस्सी.ला दोन वर्षं घालवून मला हे एवढ्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. आजही नवीन मुलांना मी हेच सांगते, फक्त राजस्थानी मुलांसाठी हिंदी आणि मारवाडी म्हणते.

आता ती बॅच, जिच्याबद्दल काल बोलले.

चार वर्षांपूर्वीची संक्रांत. त्या दिवशी तुमच्या गच्चीवर आपण पतंग बघत होतो. अख्ख्या शास्त्री नगराचं आभाळ पतंगांनी भरलं होतं. तुम्ही मध्येच म्हणालात, "तो लाल गेला." लाल पतंग ताठ उडत होता. मी म्हटलं, कुठे गेला? एवढ्यात तो डगमगला आणि वाहून गेला. मांजा तुटलेला तुम्हाला पतंगाच्या आधी दिसला होता. काका म्हणाले, "हिच्याशी पैज लावायची नाही." हे मला दुसऱ्या दिवशी आठवायला हवं होतं.

मिडाझोलमची एक बॅच भरून, तपासून, पास होऊन गोदामात पडली होती. लेबलं उशिरा आली म्हणून काही आठवडे तिथेच राहिली. त्या बॅचला काच नवीन ठिकाणाहून आलेली होती, पण ते तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. पॅकिंगच्या दिवशी तुम्ही सवयीने एक ट्रे पुन्हा कप्प्यात घेतलात. थांबलेला माल पुन्हा पाहावा, हा तुमचा नियम. कंपनीचा नव्हे. पहिली अँप्यूल काळ्या फळीसमोर उलटी केलीत आणि थांबलात. दुसरी, तिसरी. मग अख्खा ट्रे लाल पेटीकडे ढकललात.

क्वालिटीचे प्रमुख माथुर सर धावत आले. "वंदनाजी, क्या है इसमें?"

"सुई है सर. चमकती है. पलटो तो एक बार चमकती है, फिर नीचे बैठ जाती है."

माथुर सरांना दिसलं नाही. पॅकिंगच्या सुपरवायझरला दिसलं नाही. मला बोलावलं, मलाही दिसलं नाही. ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता, आणि त्या अँप्यूल ज्या हॉस्पिटलांत जाणार होत्या तिथे डॉक्टर मोजून औषध देतात. औषध पाण्यात नसून तळाशी सुयांसारखं बसलं असेल, तर रोग्याला पुरेसं मिळणार नाही आणि वर त्या सुया त्याच्या शिरेत जातील. पण हे सगळं तुमचं म्हणणं खरं असेल तर. सर म्हणाले, "अश्विनी, तुम टेस्ट करो. मशीन झूठ नहीं बोलती."

मी त्या दिवशी फार खुशीत होते, काकू, आज सांगते. आता सिद्ध करून दाखवू, असं मनात होतं. अँप्यूल फोडल्या, यंत्रावर चढवल्या. औषध पूर्ण. पुन्हा केलं, पुन्हा पूर्ण. मी कागदावर "पास" लिहिलं, सही केली आणि जेवणाच्या सुट्टीत तुमच्यासमोर येऊन उभी राहिले. "काकू, तुम्हाला बुडबुडे दिसतायत. डोळ्यांना जरा विश्रांती द्या."

हे वाक्य मी बोलले. तुमच्या डोळ्यांना विश्रांती द्या, असं मी बोलले.

तुम्ही रागावला नाहीत. डबा बंद केलात आणि म्हणालात, "चल, दाखव कसं करते." तोपर्यंत तुम्ही कधी लॅबमध्ये आला नव्हता. मी ऐटीत दाखवलं. अँप्यूल फोडली, चंबूत ओतली, वरून बाटलीतलं द्रावण भरलं, हलवलं. तुम्ही वाकून वास घेतलात.

"हे काय ओतलं?"

"पातळ करायचं द्रावण. यंत्राला चालतं ते."

"आंबट आहे?"

"हो, थोडं आम्ल असतं त्यात."

तुम्ही चंबू हातात घेतलात, खिडकीच्या उजेडात धरलात. लख्ख होता. तो हळूच खाली ठेवलात. "तूच सांगितलं होतं ना मले, आंबट पाण्यात विरघळते म्हणून. मंग तू तर साडी धुऊन काढली, अन् आता विचारून राहिली, डाग होता का."

आणि गेलात. मी तिथेच उभी. काकू, असा अपमान माझा आईनेही केला नव्हता. दुपारभर मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडले. दहावी शिकलेल्या बाईने मला माझ्याच लॅबमध्ये शिकवावं? बसमध्ये मुद्दाम मागे बसले. पण घरी पोचेपर्यंत मला कळून चुकलं होतं की तुम्ही बरोबर होतात.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसने गेले. ट्रक दारात लागला होता. एक अँप्यूल घेतली, काहीही न मिसळता तशीच गाळली आणि गाळणीचा कागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काकू, सुया. बारीक, लांब, चमकणाऱ्या सुया, एकमेकींत गुंतलेल्या. त्यावर आम्लाचा एक थेंब सोडला तर त्या माझ्या डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या. मग अँप्यूलमधल्या पाण्याचा पीएच मोजला. आंबटपणा उतरला होता. नव्या काचेतून अल्कली झिरपत होती, पाण्याचा आंबटपणा कमी करत होती आणि औषध हळूहळू पाण्याबाहेर येत होतं. मी मात्र तपासायच्या आधी त्यात आम्ल ओतून ते पुन्हा विरघळवत होते आणि वर म्हणत होते, बघा, पूर्ण आहे.

मी माथुर सरांच्या केबिनकडे पळत गेले. नंतर गेटवर. ट्रक रिकामा परत गेला. त्या बॅचमधली एकही अँप्यूल गेटबाहेर पडली नाही. काचेची सगळी खेप परत पाठवली. संध्याकाळी बस थांबवून आपण कोपऱ्यावरच्या दुकानात कचोरी खाल्ली, ड्रायव्हरलाही दिली, आणि तुम्ही हात पुसत म्हणालात, "चांगली आहे. पण तेल जुनं आहे." तुमची तपासणी कधी थांबायची नाही.

इथपर्यंत ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल. पुढची कुणालाच नाही.

चौकशीचा अहवाल मी लिहिला. चांगला लिहिला. काच, अल्कली, पीएच, सुयांचे फोटो, सगळं होतं. पहिल्या ओळीत लिहिलं, पॅकिंगपूर्व तपासणीत शंका आल्याने. कुणाला आली? कुणाचंच नाव नाही. आणि मी ज्या कागदावर "पास" लिहून सही केली होती, त्याबद्दल लिहिलं, प्राथमिक विश्लेषण अनिर्णित. अनिर्णित! ते काही अनिर्णित नव्हतं. ते चूक होतं आणि ती चूक मी केली होती. पण अहवालाची वाहवा झाली, मी सीनियर केमिस्ट झाले, आणि "अश्विनीने पकडलेली बॅच" असं त्या बॅचचं नाव पडलं. तुम्ही माझ्यासाठी पाटवडीचा रस्सा केलात. मी दोनदा वाढून घेतला.

तुम्ही कधी काही विचारलं नाहीत. तेच मला जड जायचं. एकदा विचारलं असतंत तर मी भांडून तरी मोकळी झाले असते.

मागच्या वर्षी तपासणीचं यंत्र आलं. कॅमेऱ्याने अँप्यूल बघणारं. सगळ्या मुलींचे चेहरे उतरले, तुमचा सोडून. त्या बॅचपासूनचा आपला वाद पुन्हा सुरू झाला, डोळा मोठा की यंत्र. मी यंत्राच्या बाजूने तावातावाने बोलायचे, तुम्ही पोळी खात ऐकायचात. मग यंत्र लावायला आलेल्या इंजिनियरने सांगितलं की आधी याला पास व्हावं लागेल. खोटे दोष घातलेल्या अँप्यूल यंत्राने पाहायच्या आणि माणसानेही, आणि यंत्र माणसाच्या बरोबरीला आलं तरच चालू करायचं. माणूस म्हणून तुम्हाला बसवलं. यंत्र पहिल्यांदा नापास झालं, काकू. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा कसंबसं तुमच्याजवळ आलं. तुम्ही खुर्चीवरून उठताना त्याच्या पत्र्यावर थाप मारलीत आणि म्हणालात, "शिकंल हळूहळू." तो वाद तिथे संपला असं मी मान्य केलं नाही. आज करते.

मग तुम्हाला घास गिळता येईना. गोळाभात पातळ व्हायला लागला, मग नुसतं वरण, मग तेही नको. रिपोर्ट आले, कॅन्सर. आदर्श नगरकडच्या एका हॉस्पिटलात अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळी बसवायची ठरली, निदान पाणी तरी सुखाने उतरावं म्हणून. काका बाहेर फॉर्म भरत होते. मी आत तुमच्याजवळ होते. सिस्टरने ट्रे आणला आणि अँप्यूल उचलली. मी लेबल वाचलं. मिडाझोलम. दुसऱ्या कंपनीचं.

"सिस्टर, तोडना मत. ज़रा दिखाओ," तुम्ही म्हणालात.

सिस्टर गोंधळली. "अम्मा, ये दवाई है, घबराओ मत."

मी तिला म्हटलं, "ये इन्हीं का काम है. दो मिनट दीजिए." तिने दिली. खिडकीतून ऊन येत होतं. मी काळी ओढणी हातावर ताणून धरली. पांढऱ्यासाठी चादर होतीच. तुम्ही हात पुढे केलात, पण तो इतका कापत होता की अँप्यूलमध्ये नुसते बुडबुडे झाले. तुम्ही ती माझ्या हातात दिलीत.

"तू पाहा."

इतक्या वर्षांत तुम्ही मला हे कधी म्हणाला नव्हता. मी अँप्यूल मानेला धरली, हलकेच उलटी केली. बुडबुडे वर जाऊ दिले. आधी ओढणीसमोर, मग चादरीसमोर. तुम्ही अँप्यूलकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"काय दिसते?"

"काही नाही, काकू. स्वच्छ आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मंग दे तिले."

सिस्टरने औषध हळूहळू शिरेत सोडलं. आणि आता ती लाजेची गोष्ट. मला ठाऊक होतं की यानंतरचं तुम्हाला आठवणार नाही. ते औषध मला पाठ होतं. त्याचं कडं तुमच्या रक्तात मिटत होतं, ते मेंदूकडे निघालं होतं, आणि आता मी काहीही बोलले तरी ते पुसलं जाणार होतं. तुमचे डोळे जडावले तेव्हा मी तुमच्या कानाशी वाकले आणि सगळं सांगितलं. की पास मी लिहिलं होतं. की अहवालात तुमचं नाव घालायला मी घाबरले. की अनिर्णित हा शब्द माझा होता, आणि मला माफ करा. तुम्ही "हं" म्हणालात आणि तुम्हाला आत नेलं.

जागं होताना तुम्ही मला तीनदा विचारलंत, "झालं काय?" तीनदा मी झालं म्हटलं. मला वाटलं, पुसलं गेलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्यातच लाजही वाटली. सांगितलं तर होतं, पण ऐकणारं कुणी नव्हतं. याहून सोयीची कबुली कुणाला मिळते? केमिस्ट असण्याचा एवढा उपयोग मी आयुष्यात कधी केला नव्हता.

त्यानंतर पाच आठवडे तुम्ही पाणी प्यायलात, ताक प्यायलात, एकदा हट्टाने गोळाभाताचं नुसतं पाणी प्यायलात. आणि एका सकाळी काकांचा चहा होईपर्यंत तुम्ही गेला होता.

काल मी कँटीनमध्ये हिंदीतून बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. म्हटलं, "चार साल पहले वाली बैच मैंने नहीं पकड़ी थी. वंदनाजी ने पकड़ी थी. मैंने तो उस पर पास लिखकर साइन किया था. टेस्ट करने से पहले मैंने ही सुइयाँ घोल दी थीं. और रिपोर्ट में मैंने जो अनिर्णित लिखा, वो झूठ था." मग साडीची गोष्ट सांगितली, तुमच्या शब्दांत. मग तपासणीतल्या एका मुलीने डब्याच्या झाकणावर चमचा वाजवला. मग दुसरीने. मग सगळ्याच मुली झाकणं वाजवायला लागल्या, काकू, पॅकिंगवालेही, बसचा ड्रायव्हरही. श्रद्धांजलीच्या सभेत एवढा गोंगाट मी कधी ऐकला नाही. तुमच्या फोटोचं स्टूल हललं. माथुर सर उभे राहिले, चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाले, "वो फ़ाइल निकालो. उसमें नाम जाएगा." दुपारी फाइल निघाली. पुरवणी मी लिहिली. पहिली ओळ, दोष प्रथम श्रीमती वंदना यांनी काळ्या फळीसमोर डोळ्यांनी पाहिला. दुसरी ओळ, लॅबने तो चुकीने नाकारला. खाली माझी सही.

काका सभेला आले होते. त्यांना सोडायला मी गेटपर्यंत गेले. ते म्हणाले, "बरं केलं बेटा. ती वाटच पाहून राहिली होती."

मला कळेना. "कशाची?"

"त्या दिवशी हॉस्पिटलातून घरी आलो ना, तेव्हा रात्रीचं ताक पिता पिता म्हणाली, अश्विनी कानात काहीतरी बोलली. रिपोर्टचं, नावाचं. सगळं नाही आठवत, पण बरंच आठवते. औषध कमीच दिलं वाटते सिस्टरने."

"मग मला का नाही म्हणाल्या?"

"मी पण हेच विचारलं." काकांनी तुमची नक्कल केली, मान तशीच तिरकी करून. "म्हणाली, पोरीनं पुन्हा धुऊनच दाखवला डाग. तिचं तिले न धुता आणू दे, मंग पाहू."

काकू, मला हसू आलं. रडूही आलं, पण आधी हसू आलं. जे औषध भल्याभल्यांची आठवण पुसतं, त्याच्यातूनही तुम्ही मला लाल पेटीत टाकून पाच आठवडे थांबलात. आणि तरी त्याच हातांनी मला अँप्यूल पाहायला दिली होतीत.

आज सकाळी मी लॅबमध्ये जाण्याआधी तुमच्या कप्प्यात बसले. दिवा लावला. समोर काळी फळी, शेजारी पांढरी. काल न धुता आणला, काकू. आता पाहा.